आधी कुलूप, मग परतावा : सल्लागारांना पर्यायी गुंतवणूक शिकवताना

वर्गाच्या पहिल्या दिवशी मी एका प्रायव्हेट इक्विटी फंडाचं, म्हणजे शेअर बाजारात नसलेल्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या फंडाचं, माहितीपत्रक वाटते, दहा मिनिटं वाचायला देते आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिते. ग्राहकाच्या खात्यातून पहिली रक्कम कधी जाईल? शेवटची कधी जाईल? आणि पहिला पैसा परत कधी येईल?

समोर शेअर बाजारात आणि म्युच्युअल फंडांत पंधरा-पंधरा वर्षं काढलेली माणसं बसलेली असतात. परताव्याचा आकडा सगळ्यांनी अधोरेखित केलेला असतो. या तीन प्रश्नांवर मात्र वर्ग गप्प होतो. यात त्यांचा दोष नाही. त्यांची सगळी कारकीर्द रोज भाव निघणाऱ्या बाजारात गेलेली असते. तिथे पैसे आज गेले म्हणजे आज गुंतले आणि विकलं की चार दिवसांत हातात. खासगी बाजारात यातलं काहीच खरं नसतं. म्हणून सल्लागारांना पर्यायी गुंतवणूक, म्हणजे शेअर-रोख्यांच्या नेहमीच्या बाजाराबाहेरची गुंतवणूक, हा विषय शिकवायचा तर सुरुवात परताव्यापासून नको, पैसा कधी आणि किती काळ अडकतो इथून करावी, असं माझं ठाम मत झालं आहे. तुमच्या संस्थेत असा अभ्यासक्रम उभा करायचा असेल, तर मी तो ज्या क्रमाने घेते तो पुढे देते. साधारण आठ सत्रं पुरतात. आठवड्याला एकच ठेवा, कारण मधला घरचा अभ्यास वर्गाइतकाच महत्त्वाचा आहे.

पायरी १ : शिकवणारा कोण, हे आधी ठरवा

फंड विकणाऱ्या कंपनीचा माणूस फुकट प्रशिक्षण द्यायला तयार असतो आणि बहुधा बोलतोही छान. त्याला बोलवायला हरकत नाही, पण शेवटच्या सत्रांत. तोवर सल्लागारांकडे विचारायला प्रश्न तयार असतात. पहिल्याच दिवशी तो आला, तर त्याचे शब्द हेच विषयाचे शब्द होऊन बसतात आणि पुढे ते पुसायला फार वेळ जातो. तुमच्याकडे शिकवणारं कोणी नसेल, तर दोघा-तिघांना आधी स्वतंत्रपणे शिकू द्या. २००२ मध्ये स्थापन झालेली सीएआयए ही संस्था फक्त पर्यायी गुंतवणुकीवर दोन टप्प्यांची परीक्षा घेते. प्रत्येक सल्लागाराने ती द्यायची गरज नाही. शिकवणाऱ्यांपैकी एकाने दिलेली असली, तरी वर्गाची पातळी बदलते.

पायरी २ : नकाशा काढा, पण व्याख्या पाठ करून घेऊ नका

प्रायव्हेट इक्विटी, व्हेंचर कॅपिटल, प्रायव्हेट क्रेडिट, स्थावर मालमत्ता, पायाभूत सुविधा, हेज फंड. या सहा नावांपुढे एकच रकाना करायला लावा : इथे पैसा नेमका कशातून मिळतो?

व्हेंचरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांतल्या गुंतवणुकीत, तो थोड्याशा कंपन्यांच्या प्रचंड यशातून मिळतो. जॉर्ज डोरिओ यांनी १९४६ मध्ये उभारलेल्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट या कंपनीने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत ७०,००० डॉलर घातले. कंपनीच्या एकूण नफ्याचा मोठा भाग पुढे या एका गुंतवणुकीतून आला. हे एक उदाहरण नीट सांगितलं, की दहा कंपन्यांपैकी सहा बुडाल्या तरी फंड चांगला कसा असू शकतो, हे वेगळं समजावावं लागत नाही. बायआउटमध्ये, म्हणजे प्रायव्हेट इक्विटी फंड कर्ज काढून अख्खी कंपनी विकत घेतो तेव्हा, तीन स्रोत असतात : धंद्याची कमाई वाढणं, कर्ज फिटत जाणं आणि विकताना वरचा भाव मिळणं. केकेआर या बायआउट कंपनीने आरजेआर नाबिस्को ही सिगारेट-बिस्किटांची कंपनी घेण्याचा करार १९८८ मध्ये केला, तेव्हा सौद्याचा बहुतांश पैसा कर्जाचा होता. म्हणून बायआउट फंडाच्या जुन्या कामगिरीपुढे नेहमी एक प्रश्न हवा : यातलं किती व्यवस्थापनाच्या कष्टाचं आणि किती स्वस्त कर्जाचं?

प्रायव्हेट क्रेडिटकडे, म्हणजे बँकेऐवजी फंडाने कंपन्यांना दिलेल्या कर्जाकडे, सल्लागार फार लवकर आकर्षित होतात, कारण ते मुदत ठेवीसारखं दिसतं. इथे थोडं थांबा. कर्जदार कंपनीला व्याज रोखीत देणं जमत नसेल, तर ते मुद्दलात मिळवण्याची सोय अनेक करारांत असते. कागदावर उत्पन्न दिसत राहतं, हातात काही येत नाही. दाखवलेल्या उत्पन्नापैकी रोखीत किती आलं, हे विचारायची सवय पहिल्याच आठवड्यात लावा.

हेज फंडांचा धागा १९४९ पर्यंत जातो. आल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांनी काही शेअर विकत घेऊन आणि काही उसने घेऊन विकून बाजाराची जोखीम कमी करण्याचा प्रयोग तेव्हा केला. आज त्या नावाखाली एकमेकांशी काहीही साम्य नसलेल्या पद्धती नांदतात, त्यामुळे 'हेज फंड घ्यावा का?' हा प्रश्नच अर्धवट आहे. स्थावर मालमत्ता आणि पायाभूत सुविधा एका सत्रात उरकतात. भाडं किंवा टोल, मुदत आणि कर्ज एवढं कळलं की पुरे.

पायरी ३ : बारा वर्षांचा कागद

अभ्यासक्रमातली ही सगळ्यात महत्त्वाची बैठक. हिला पूर्ण दिवस द्या आणि संगणक बंद ठेवा. प्रत्येकाने कागदावर बारा रकाने आखायचे.

ग्राहकाने १०० ची कमिटमेंट दिली आहे, म्हणजे फंड मागेल तेव्हा एवढे पैसे द्यायचं वचन दिलं आहे, असं धरा. फंड हे पैसे एकदम घेत नाही, लागतील तसे मागवतो. समजा पहिल्या पाच वर्षांत त्याने २०, २५, २५, १५ आणि १० मागवले. एकूण ९५. परतफेड चौथ्या वर्षी ५ ने सुरू होते, मग १२, २०, २८, ३०, २५, २०, ८ आणि बाराव्या वर्षी ४. एकूण १५२. आता दर वर्षाअखेर ग्राहकाच्या खिशातून एकूण किती गेलं आणि किती आलं, याची बेरीज मांडायला सांगा.

पहिल्या वर्षाअखेर उणे २०. मग उणे ४५, उणे ७०, उणे ८०. पाचव्या वर्षी उणे ७८, मग ५८, मग ३०. आठव्या वर्षाअखेर शून्य. ग्राहकाचे स्वतःचे पैसे परत यायला आठ वर्षं लागली, आणि हा फंड वाईट नव्हे, बरा आहे. या बिंदूंना रेषेने जोडलं की इंग्रजी 'जे' (J) या अक्षरासारखा आकार कागदावर आपोआप उमटतो. 'जे कर्व्ह' हा शब्द त्यानंतरच सांगा.

मग दुसरा भाग. या प्रवाहाचा आयआरआर, म्हणजे पैसा गेला-आला त्या वेळा धरून काढलेला वार्षिक परताव्याचा दर, साधारण ९.७ टक्के निघतो. वर्गाला विचारा : १०० वर बारा वर्षं ९.७ टक्के चक्रवाढीने मिळाले असते, तर किती झाले असते? उत्तर ३०० च्या थोडं वर. आणि आपल्या ग्राहकाला नफा किती झाला? १५२ उणे ९५, म्हणजे ५७. दोन्ही आकडे बरोबर आहेत. आयआरआर फक्त फंडात असलेल्या पैशावर, तो जितके दिवस तिथे होता तितक्याच दिवसांपुरता मोजला जातो. मागणीची वाट पाहत बाजूला पडलेला पैसा आणि परत आलेला पैसा यांचं काय झालं, ते त्यात येत नाही. माहितीपत्रकावर ९.७ वाचून ग्राहकाने मनात ३०० धरलेले असतात. त्याच्या अपेक्षेतली ही चूक सही करण्याआधी दुरुस्त करायची जबाबदारी सल्लागाराची.

मी हा कागद कधीच छापून देत नाही. बेरजा स्वतःच्या हाताने कराव्या लागल्या, की चौथ्या वर्षीचा उणे ८० विसरला जात नाही.

त्याच कागदावर एक प्रश्न आणखी विचारा. तिसऱ्या वर्षी ग्राहकाची नोकरी गेली आणि फंडाने २५ मागवले, तर? मागणीची मुदत बहुधा दोनेक आठवड्यांची असते. ती चुकली तर करारानुसार दंडव्याज लागू शकतं, आधी घातलेल्या पैशातला हिस्सा जप्तही होऊ शकतो. म्हणजे न मागवलेली कमिटमेंट हे ग्राहकाच्या डोक्यावरचं देणं आहे, आणि त्याच्या ताळेबंदात ते तसंच लिहायला शिकवा.

पायरी ४ : आकड्यांच्या आत शिरा

आयआरआर वेळेला फार हळवा असतो. दुप्पट पैसे तीन वर्षांत झाले तर २६ टक्के, दहा वर्षांत झाले तर ७.२ टक्के. पण त्याला न कमावताही वर ढकलता येतं, ते असं. फंडाने १०० घातले, पाच वर्षांनी १५० आले : ८.४ टक्के. आता फंड पहिलं वर्षभर ग्राहकांकडून पैसे मागवत नाही, बँकेकडून ६ टक्क्यांनी उचलतो आणि वर्ष संपल्यावर मागवतो. व्याजाचे ६ गेल्यावर समजा ग्राहकाला १४४ मिळाले. त्याचा पैसा मात्र चारच वर्षं लागला, म्हणून आयआरआर ९.५ टक्के. ग्राहकाला ६ कमी मिळाले आणि आकडा एका टक्क्याहून जास्त वाढला. अशी कर्जसोय वापरणं सर्रास चालतं, त्यात लबाडीच असते असं नाही. पण आयआरआर कर्जसोय धरून आहे की वगळून, हे लेखी विचारलंच पाहिजे.

म्हणून आयआरआरच्या जोडीला दोन गुणोत्तरं शिकवा. डीपीआय म्हणजे घातलेल्या एकामागे प्रत्यक्ष हातात किती आलं. टीव्हीपीआय म्हणजे त्यात अजून न विकलेल्या कंपन्यांचं अंदाजे मूल्य मिळवून किती. सातव्या-आठव्या वर्षी टीव्हीपीआय १.८ आणि डीपीआय ०.३ असेल, तर बहुतेक नफा अजून व्यवस्थापकाच्या अंदाजात आहे. सल्लागारांनी डीपीआय आधी वाचावा. तुलना करायची असेल, तर तेच पैसे त्याच तारखांना शेअर निर्देशांकात घातले-काढले असते तर काय झालं असतं, हे मोजायला लावा. पब्लिक मार्केट इक्विव्हॅलंट म्हणतात ते हेच. 'आम्ही पहिल्या पंचवीस टक्क्यांत आहोत' हा दावा बघितला, की कोणत्या वर्षी सुरू झालेल्या, कोणत्या फंडांच्या यादीत, हे विचारायचं. यादी बदलली की क्रमांक बदलतो.

यानंतर सगळ्यात फसवा आकडा : कमी चढउतार. खासगी मालमत्तेचं मूल्य तिमाहीला एकदा अंदाजाने ठरतं आणि प्रत्येक नवा अंदाज जुन्याला धरून केला जातो. हे सांगून पटत नाही, करून दाखवा. एक्सेलमध्ये यादृच्छिक परताव्यांचा लांब रकाना घ्या. शेजारच्या रकान्यात 'दाखवलेला परतावा' तयार करा : ४० टक्के आजचा खरा परतावा आणि ६० टक्के मागच्या तिमाहीत दाखवलेला. दोन्हींचं प्रमाण विचलन, म्हणजे चढउताराचं माप, काढा. दुसऱ्याचं पहिल्याच्या जवळपास निम्मं येतं. मालमत्ता तीच, धोका तोच, पण २० टक्क्यांचा चढउतार १० टक्क्यांचा दिसू लागला. हा निम्मा आकडा जोखीम मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातला, की ते दर वेळी खासगी मालमत्ता भरपूर घ्या असंच सुचवणार. गुंतवणूक व्यवस्थापक क्लिफ ॲस्नेस यांनी या प्रकाराला 'व्होलॅटिलिटी लाँडरिंग', म्हणजे चढउतार धुऊन काढणं, म्हटलं आहे. माझ्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काही बदललेलं मी पाहिलं असेल, तर ते या दोन रकान्यांपाशी.

पायरी ५ : फी

'दोन आणि वीस', म्हणजे वर्षाला दोन टक्के फी आणि नफ्यात वीस टक्के वाटा, सगळ्यांनी ऐकलेलं असतं. दोन टक्के कशावर, हे थोड्यांनाच माहीत असतं. गुंतवणुकीच्या पहिल्या काही वर्षांत ते बहुधा पूर्ण कमिटमेंटवर लागतात, मागवलेल्या पैशावर नव्हे. म्हणजे पहिल्या वर्षी १०० पैकी २० मागवले, तरी २ फीचे : वापरात आलेल्या पैशाच्या दहा टक्के.

नफ्यातला वाटा फळ्यावर मांडा. गणित सोपं राहावं म्हणून मुदत एक वर्ष, गुंतवणूक १००, नफा ३०, हर्डल (व्यवस्थापकाला वाटा मिळण्याआधी गुंतवणूकदाराला मिळायचा किमान परतावा) ८ टक्के. पहिले ८ गुंतवणूकदाराचे. 'कॅच-अप', म्हणजे व्यवस्थापकाने मागे राहिलेला वाटा भरून काढायचं कलम, असेल, तर पुढचे २ पूर्ण व्यवस्थापकाचे, आणि उरलेले २० हे ८०-२० ने वाटले जातात. गुंतवणूकदाराला २४, व्यवस्थापकाला ६. म्हणजे अखेर त्याने संपूर्ण नफ्यावरच वीस टक्के घेतले. कॅच-अप नसता, तर ८ वरच्या २२ वरच वाटा लागून त्याला ४.४ मिळाले असते. करारातल्या एका कलमाने केवढा फरक पडतो पाहा. हा वाटा सौद्यागणिक मिळतो की सगळ्यांचं भांडवल परत आल्यावर, आणि जास्त दिला गेला तर परत घेता येतो का, ही कलमं खऱ्या करारात शोधून खूण करायला सांगा. हा घरचा अभ्यास.

पायरी ६ : 'कधीही काढता येतात' म्हणजे काय

अलीकडे सामान्य गुंतवणूकदारांसाठी ठरावीक मुदत नसलेले, महिन्याला किंवा तिमाहीला थोडे पैसे काढू देणारे फंड आले आहेत. कमिटमेंट आणि मागण्यांची कटकट त्यात नसते, ही खरी सोय आहे. पण आतली इमारत एका दिवसात विकली जात नाही, मग बाहेरचा दरवाजा किती उघडा राहील?

दोन घटना शेजारी ठेवून शिकवा. ब्रिटनमध्ये नील वुडफर्ड यांच्या इक्विटी इन्कम फंडातून रोज पैसे काढता येत होते, आणि आत शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या, पटकन न विकल्या जाणाऱ्या कंपन्या साठल्या होत्या. लोक पैसे काढू लागले, जे विकता येत होतं ते विकलं गेलं, न विकता येणाऱ्यांचा हिस्सा आणखी वाढला. जून २०१९ मध्ये व्यवहार थांबवले गेले आणि ते पुन्हा सुरू झाले नाहीत. दुसरी घटना ब्लॅकस्टोनच्या ब्रीट या स्थावर मालमत्ता फंडाची. महिन्याला मालमत्तेच्या २ टक्के आणि तिमाहीला ५ टक्के एवढेच पैसे काढू द्यायचे, हे त्याच्या नियमांत पहिल्यापासून लिहिलेलं होतं. २०२२ च्या अखेरीस मागण्या त्याहून जास्त आल्या आणि मर्यादा लागू झाली. सगळ्या मागण्या पूर्ण भागवता येऊ लागल्या त्या फेब्रुवारी २०२४ मध्ये. इथे फंड मोडला नाही. मर्यादेने आत राहिलेल्यांना घाईच्या विक्रीपासून वाचवलं. ज्या ग्राहकाला मर्यादा आधी समजावलेली होती त्याची गैरसोय झाली, ज्याला नव्हती त्याचा विश्वास गेला. सल्लागाराला या दोघांतला फरक समजला पाहिजे.

पायरी ७ : तपासणी

लांबलचक प्रश्नावल्या भरून घेण्यापेक्षा चार गोष्टी घट्ट धरा : पैसा आणि रोखे कोणाच्या ताब्यात आहेत, मूल्य कोण ठरवतं, हिशेब कोण तपासतं, आणि ज्यांच्या नावावर फंड विकला जातोय ती माणसं गेली तर काय. डिसेंबर २००८ मध्ये उघडकीला आलेल्या बर्नार्ड मॅडॉफच्या घोटाळ्यात मालमत्तेचा ताबा बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडे नव्हता, आणि एवढ्या अवाढव्य कारभाराचे हिशेब एक अगदी लहानसं कार्यालय तपासत होतं. हे दोन प्रश्न विचारायला गुंतवणुकीचं शास्त्र लागत नाही.

चांगल्या आणि वाईट व्यवस्थापकांच्या कामगिरीतलं अंतर खासगी बाजारात खूपच मोठं असतं. सरासरी प्रायव्हेट इक्विटी अशी वस्तू ग्राहकाला घेताच येत नाही, एखाद-दुसरा फंडच घेता येतो. चांगल्या फंडात प्रवेश मिळणार नसेल, तर त्या वर्गाची आकडेवारी दाखवून उपयोग नाही.

पायरी ८ : ग्राहकासमोर

येल विद्यापीठाचा निधी १९८५ पासून २०२१ पर्यंत सांभाळलेल्या डेव्हिड स्वेन्सन यांचं नाव प्रत्येक विक्रीच्या सादरीकरणात येतं. पर्यायी गुंतवणुकीवर मोठा निधी वाढवता येतो, हे त्यांनी दाखवलं. पण २००५ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी लिहिताना त्यांनीच कमी खर्चाच्या इंडेक्स फंडांची शिफारस केली. विद्यापीठ निवृत्त होत नाही, आजारी पडत नाही, मुलीच्या शिक्षणासाठी पैसे काढत नाही. ही तुलना सल्लागारांना तोंडपाठ हवी.

या सत्रात जोड्या लावा. एक ग्राहक, एक सल्लागार. ग्राहकाने एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पाच वेळा विचारायचा : मला पैसे लागले तर? सल्लागाराने 'सहसा अडचण येत नाही' म्हटलं की थांबवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. 'पहिली पाच वर्षं पैसे जातच राहतील. आठव्या वर्षापर्यंत तुमचं मुद्दलही पूर्ण परत आलेलं नसेल. मध्येच हिस्सा विकायचा झाला तर घेणारा शोधावा लागेल, आणि तो बहुधा कमी भाव देईल.' हे शांतपणे, डोळ्यांत बघून म्हणता येईपर्यंत सराव करून घ्या. साधारण चौथ्या फेरीला जमतं.

शेवटची परीक्षा तीन ग्राहकांच्या फाइलींची ठेवा. बहुपर्यायी प्रश्न नकोत. तिघांपैकी एकाला हा प्रकार मुळीच योग्य नसावा, आणि त्याची श्रीमंती मात्र तिघांत सर्वांत जास्त दिसावी : सगळी संपत्ती स्वतःच्या धंद्यात अडकलेली, त्यावर कर्ज, हातात रोख थोडी. त्याला फंड सुचवणाऱ्याला नापास करा, बाकीची उत्तरं कितीही उत्तम असली तरी.

पास झालेल्यांचा वर्ग तिथे संपवू नका. दर तिमाहीला तासभर बसून एका खऱ्या फंडाचा अहवाल एकत्र वाचा, आणि प्रत्येकाला आपल्या ग्राहकाचा बारा वर्षांचा कागद सोबत आणायला सांगा : शिसपेन्सिलीने अंदाज, शाईने प्रत्यक्ष घडलेलं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या अशा कागदावर तिसऱ्या रकान्यात २५ च्या जागी शाईने ३४ लिहिलेलं होतं. फंडाने दोन मागण्या एकाच वर्षात पाठवल्या होत्या. खाली तिने बारीक अक्षरांत टिपलं होतं : ग्राहकाला फोन केला, रक्कम आधीच वेगळी ठेवलेली होती.